अभियांत्रिकींतील उच्च पदवी : नांव पाहावें कीं गुरु पाहावा ?

आमच्या घराच्या माजघरांतील भिंतीवर, पुरुषभर उंचीच्याही वर, एक आडवी पुसट रेघ आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि मुठेचें पाणी पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत शिरलें. त्या पाण्याची ती खूण होय. आम्ही त्या वेळीं पाळण्यांत होतों. भिंतीस चुना देतांना तेवढी पट्टी सोडावी असा आमच्या तीर्थरूपांचा दंडक असे, व तो आम्हींही पुढें चालविला. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या लहानपणीं त्या रेघेखालीं उभी राही आणि विचारी, "काका, पाणी इतकं वर आलंच कसं ?" आम्ही पडलों संस्कृताचे मास्तर ; आम्हांस त्याचें उत्तर कोठून येणार ? ती पोर पुढें स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर झाली. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती सर्वांसमक्ष म्हणाली, "मला धरणांचं आणि पुराचं शास्त्र पुढं शिकायचं आहे." तेव्हां त्या रेघेचें उत्तर शोधावयास ती निघाली आहे, हें आम्हीं ओळखलें.

शिकावें यांत कोणाचेंच दुमत नव्हतें. कोठें शिकावें, या प्रश्नावर मात्र आमच्या घरीं सहा महिने चर्चा चालली होती. बंधूंचें एक मत, वहिनींचें दुसरें, मुलीच्या मामांचें तिसरें. आमचें स्वतःचें शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत आणि त्यापुढें पाठशाळेंतील व्याकरण-काव्य इतकेंच. तरी वडीलपणामुळें पत्रें वाचणें, आंकडे मांडणें व शंका विचारणें हें काम आमच्याकडे आलें. त्या सहा महिन्यांत जें कळलें, तें ज्यांच्या घरीं असाच प्रश्न उभा आहे अशा कुटुंबांस उपयोगी पडेल, या भावनेनें हा लेख लिहिला आहे. अभियंता कसा व्हावा हें आम्ही सांगणार नाहीं. घरांतील वडील माणसांनीं कोणते प्रश्न विचारावे, एवढेंच सांगणार आहों.

पुण्याहून विद्येसाठीं समुद्र ओलांडणें हें कांहीं नवें नव्हे. १८८२ सालीं पुण्याचे केशव मल्हार भट हे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत दाखल झाले. तेथें शिकावयास गेलेले ते पहिले हिंदी विद्यार्थी. पुढल्याच वर्षीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या व १८८६ सालीं फिलाडेल्फियास पदवीधर झाल्या. १८९२ सालीं जमशेटजी टाटा यांनीं उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्यांस कर्जरूपानें साहाय्य देणारा निधि स्थापन केला, आणि तो अद्यापि चालू आहे. त्या काळीं घरोघर प्रश्न असे तो "जावें कीं न जावें" हा. आज कोणी प्रायश्चित्त मागत नाहीं, परंतु शेंकडों विद्यापीठांच्या याद्या समोर येऊन पडतात, आणि निवड करणाऱ्याची मति गुंग होते.

नांवाची मोहिनी

अशा वेळीं सोपा उपाय म्हणून मनुष्य प्रसिद्ध नांवाकडे वळतो. आमच्या घरींही तेंच झालें. जगांतील विद्यापीठांचे अनुक्रम लावणाऱ्या याद्या मुलीच्या मामांनीं छापून आणल्या व "पहिल्या पन्नासांत असेल तरच पाठवावें" असा निकाल दिला. आम्हीं एकच विचारलें, "हा अनुक्रम लावतात तरी कशावरून ?" चौकशी केली तेव्हां असें दिसलें कीं, अशा याद्यांत इतर ठिकाणच्या विद्वानांचें त्या संस्थेविषयीं मत काय, यास मोठें वजन असतें. शिवाय तेथें प्रसिद्ध झालेल्या निबंधांचा इतरांनीं किती वेळां आधार घेतला, अध्यापकांमागें विद्यार्थी किती, परदेशी विद्यार्थी किती, असल्या गोष्टी गणल्या जातात. या गोष्टी निरर्थक नाहींत. परंतु त्यांवरून संपूर्ण विद्यापीठाची कीर्ति कळते. आमच्या मुलीस जो एक विभाग, जी एक प्रयोगशाळा आणि जे दोन-तीन अध्यापक लाभणार, त्यांची योग्यता त्यांतून कळत नाहीं. एखाद्या देवस्थानाची कीर्ति मोठी असली म्हणून तेथील पाठशाळेंत न्यायशास्त्र उत्तम शिकवीत असतीलच, असें थोडेंच आहे !

याच्या उलट बाजू पाहा. अमेरिकेंत १८६२ सालीं अब्राहम लिंकन यांच्या कारकीर्दींत एक कायदा झाला. त्यानें प्रत्येक संस्थानास सरकारी जमीन देऊन तिच्या उत्पन्नांतून शेतकी व यंत्रविद्या शिकविणारीं महाविद्यालयें काढण्यास साहाय्य केलें. त्यामुळें त्या देशांत अभियांत्रिकीचीं कित्येक उत्तम विद्यालयें मोठ्या शहरांत नसून मक्याच्या शेतांनीं वेढलेल्या लहान गांवांत आहेत. इलिनॉय संस्थानांतील अर्बाना आणि इंडियानांतील पर्ड्यू विद्यापीठ हीं त्यांपैकींच. आयोवा विद्यापीठ तर त्या कायद्यांतील नव्हे, तरी तेंही तसल्याच लहान गांवांत आहे. तेथें १९२० च्या सुमारास नदीच्या कांठींच जलप्रवाहाची प्रयोगशाळा उभी राहिली. हंटर राउज नांवाच्या थोर अध्यापकांनीं १९४४ पासून वीसांहून अधिक वर्षें तिचें संचालन केलें, आणि द्रवगतिशास्त्र शिकणाऱ्यांत तिचें नांव जगभर झालें. आपल्या पेठेंत मात्र "आयोवा" म्हटलें तर "हें कोठें आलें ?" असें लोक विचारतील. विद्येचा बाजार आणि कीर्तीचा बाजार हे दोन निराळे भरतात, एवढें यावरून वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

पहिली पदवी आणि दुसरी पदवी

या दोन पदव्यांतील भेद आमच्या ध्यानांत उशिरां आला. पहिली पदवी ही संस्थेची असते. साठ-सत्तर मुलें एका वर्गांत बसतात, अभ्यासक्रम ठरलेला असतो, आणि अध्यापक बदलला तरी फारसें बिघडत नाहीं. दुसरी पदवी ही बव्हंशीं गुरूची व प्रयोगशाळेची असते. उपनिषदांतील शिष्य हातांत समिधा घेऊन अमुक एका ऋषीकडे जात असे ; "कोणत्याही उत्तम आश्रमांत जागा असल्यास कळवावें" असें तो लिहीत नसे. या बाबतींत काळ फारसा बदललेला नाहीं.

त्यांतही अमेरिकेंतील अभियांत्रिकीच्या उच्च पदवीच्या दोन वाटा आहेत. एका वाटेनें सामान्यतः तीस श्रेयांकांच्या आसपास अभ्यासक्रम पुरा करावयाचा, त्यांतील कांहीं भाग संशोधनास द्यावयाचा आणि शेवटीं प्रबंध लिहावयाचा. यास दीड ते दोन वर्षें लागतात. दुसऱ्या वाटेनें केवळ वर्गांतील विषय पुरे करावयाचे. ती पदवी कोठें कोठें एका वर्षांतही मिळते. दुसरी वाट हलकी आहे असें नव्हे. नोकरींत असलेल्या व विशिष्ट विषयाचें ज्ञान ताजें करूं पाहणाऱ्या अभियंत्यास तीच योग्य. परंतु ज्यास पुढें संशोधन करावयाचें आहे, किंवा ज्याच्या मनांत एखादा प्रश्न घर करून बसला आहे, त्यानें पहिलीच धरावी. अर्ज करण्यापूर्वींच मुलास विचारावें : "तुझ्या मनांत प्रश्न आहे, कीं तुला नुसती पदवी हवी आहे ?" दोहोंपैकीं कोणतेंही उत्तर प्रामाणिक असलें म्हणजे पुरे, त्यावरून वाट ठरते.

चौकशी कशी करावी

आमच्या मुलीनें प्रथम बारा विद्यापीठें टिपून ठेविलीं होतीं. आम्हीं तिला सांगितलें, "अग, विद्यापीठांचीं नांवं खोड आणि त्यांच्या जागीं माणसांचीं लिही." पुराचें व धरणांच्या सांडव्यांचें शास्त्र जे प्रत्यक्ष शिकवितात व त्यावर जे लिहितात, अशा अध्यापकांचीं नांवें तिनें जमविलीं. गेल्या पांच वर्षांत त्यांच्या हाताखालीं कोणकोणते प्रबंध झाले, ते लिहिणारे विद्यार्थी आज कोठें आहेत, आणि ते अध्यापक स्वतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर तर नाहींत ना, हें तिनें पाहिलें. बारांपैकीं पांच नांवें येथेंच गळालीं. एका विद्यापीठाच्या माहितीपत्रकांत सात विषय छापलेले होते. पण त्यांपैकीं चार विषय मागील तीन वर्षांत एकदांही शिकविले गेले नव्हते. दुकानाच्या पाटीवर लिहिलेला माल दुकानांत असतोच असें नाहीं.

नंतर तिनें त्या अध्यापकांस पत्रें लिहिलीं. पत्र लहान असावें. स्तुति नसावी. त्यांचा एखादा निबंध खरोखर वाचून त्यांतील एकच शंका विचारावी, आणि "प्रबंधासाठीं आपण उच्च पदवीचे विद्यार्थी घेतां काय ? त्यांस साहाय्य मिळण्याचा संभव असतो काय ?" एवढें स्पष्ट लिहावें. सात पत्रांपैकीं चारांस उत्तरच आलें नाहीं. यानें मुलांनीं खचूं नये ; थोर माणसांस शेंकडों पत्रें येतात. एका अतिप्रसिद्ध विद्यापीठाच्या अध्यापकांनीं सौजन्यानें कळविलें कीं, त्यांच्या प्रयोगशाळेंत जागा केवळ डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांस असते, इतरांनीं वर्गांतील विषय घ्यावे. हें एका ओळीचें उत्तर मामांच्या छापील यादीहून आम्हांस मोलाचें वाटलें.

तेथें सध्यां शिकत असलेल्या दोन-तीन मुलांसही अवश्य विचारावें. "विद्यापीठ कसें आहे ?" असें विचारूं नये, सगळे चांगलेंच म्हणतात. "तुमच्या तुकडींतील कितीजणांस साहाय्य मिळालें ? कितव्या सत्रापासून मिळालें ? उन्हाळ्यांत पैसे मिळतात काय ? अध्यापक आठवड्यांतून किती वेळ भेटतात ?" असे प्रश्न विचारावे. उत्तरांत आंकडे आले म्हणजे ऐकीव व खरें यांतील भेद उघडा होतो.

उद्देशपत्र व शिफारसपत्रें

अर्जासोबत "मी येथें कां येऊं इच्छितों" असें एक पत्र विद्यार्थ्यास लिहावें लागतें. हें लिहून देणारे लोक आतां पैसे घेऊन बाजारांत बसले आहेत. यापरतें दुर्दैव नाहीं. छांदोग्योपनिषदांत नारद सनत्कुमारांकडे जातो, तेव्हां सनत्कुमार त्यास प्रथम तुला काय काय येतें तें सांग म्हणतात. त्यापुढचें मग मी सांगेन. नारद आपण शिकलेल्या विद्यांची मोठी यादी देतो, आणि एवढें शिकूनही मला अमुक गोष्ट कळलेली नाहीं, असें मोकळेपणानें कबूल करतो. उद्देशपत्राचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाहीं. काय येतें, काय येत नाहीं, आणि तें आपणांपाशींच कां शिकावयाचें, हे तीन भाग त्यांत आले. त्याच उपनिषदांतील सत्यकामानें गोत्र विचारलें असतां आपणांस ठाऊक नाहीं हें सत्यच सांगितलें, आणि त्या सत्यामुळेंच त्याचा स्वीकार झाला, हेंही मुलांस सांगावें. आमच्या मुलीनें आपल्या पत्राचा आरंभ भिंतीवरील रेघेनें केला. एका विषयांत आपणांस गुण कमी कां पडले, हेंही तिनें न लपवितां लिहिलें.

शिफारसपत्रें बहुधा तीन लागतात. आम्हीं जन्मभर मुलांस दाखले लिहून दिले. त्या अनुभवावरून सांगतों कीं, हुद्द्यानें मोठ्या पण मुलास न ओळखणाऱ्या माणसाच्या पत्रापेक्षां, ज्यानें त्यास प्रयोगशाळेंत चुकतांना व चूक सुधारतांना पाहिलें आहे अशा साध्या अध्यापकाचें पत्र अधिक बोलकें असतें. तें मागावयाचें तें निदान महिनाभर आधीं.

पैशाचा उघडा हिशेब

आतां घरांतील वडिलांचें खरें काम येतें. आमच्या एका चुलत बंधूंनीं आपल्या मुलास कांहीं वर्षांपूर्वीं अशाच पदवीसाठीं पाठविलें. अर्ज भरून देणाऱ्या एका मध्यस्थानें सुचविलेलें विद्यापीठ त्यांनीं विश्वासानें घेतलें. मुलास हव्या असलेल्या विषयाची प्रयोगशाळा तेथें नव्हती, हें तेथें गेल्यावर कळलें. कर्ज चाळीस लाखांचें होतें आणि राहतें घर तारण होतें. पदवी मिळाली, परंतु तेथें राहून काम करण्याचा परवाना मिळाला नाहीं, आणि मुलगा परत आला. मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे, येथें नोकरी करतो. परंतु बासष्टाव्या वर्षीं त्याचे वडील अद्याप दुसऱ्याच्या कचेरींत हिशेब लिहीत आहेत. कोणीही कोणास दोष देत नाहीं, आणि म्हणूनच त्या घरीं गेलें असतां बसवत नाहीं.

चाळीस लाखांचें कर्ज, शेंकडा दहा व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर दरमहा सुमारें ५२,९०० रुपये भरावे लागतात. शिवाय शिक्षण चालू असतांना व्याज सांचतें तें वेगळें. हा आंकडा पाठविण्यापूर्वीं कागदावर मांडावा, आणि त्याखालीं मुलास आपल्या देशांत मिळूं शकणारा पगार लिहावा. डॉलरांतील पगार लिहूं नये. कारण तो मिळणें आपल्या हातीं नाहीं. पदवीनंतर विद्यार्थ्यास एक वर्ष काम करतां येतें व २०१६ च्या नियमानें अभियांत्रिकीसारख्या विषयांस आणखी २४ महिने मिळतात. परंतु पुढील एच्-वन्-बी परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० व अमेरिकेंतील उच्च पदवीधरांसाठीं आणखी २०,००० इतकीच असून, मागणारे त्याहून फार अधिक असतात. २०२५ च्या सप्टेंबरांत तर तेथील अध्यक्षांनीं नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरांचा आकार बसविणारें फर्मान काढलें. विद्यार्थी म्हणून तेथेंच असलेल्यांस तो लागू नाहीं असा खुलासा पुढील महिन्यांत झाला. पण मधल्या काळांत किती घरांतील झोंप उडाली असेल, याची कल्पनाच करावी. जी गोष्ट एका रात्रींत बदलूं शकते, तिच्यावर घराचें तारण ठेवूं नये. कर्ज इतकेंच काढावें कीं, मुलानें पुण्यास किंवा नाशकास नोकरी करूनही तें फिटावें.

साहाय्याच्या बाबतींतही नीट वाचावें. अध्यापकाच्या संशोधनांत किंवा अध्यापनांत आठवड्यास बहुधा वीस तास काम करून शिकवणीची फी माफ होणें व वर निर्वाहास वेतन मिळणें, हें उत्तम साहाय्य होय. परंतु अनेक विभाग हा पैसा प्रथम डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांस देतात. फी माफ झाली तरी विमा व इतर आकार उरतात. "साहाय्याचा संभव आहे" आणि "साहाय्य दिलें आहे" या दोन वाक्यांतील अंतर कधीं कधीं वीस लाख रुपयांचें असतें. दिलें आहे तें लेखी व मुदतीसह मागावें. अमेरिकेंतील बहुतेक विद्यापीठांनीं एक संकेत मान्य केलेला आहे कीं, साहाय्यासह आलेल्या प्रवेशास १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मोकळीक विद्यार्थ्यास असावी. त्यापूर्वीं कोणी घाई केल्यास घाबरूं नये.

दुसरे देश आणि आपला देश

उच्च अभियांत्रिकी म्हणजे अमेरिकाच, हाही एक भ्रमच. जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाहीं. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतानें २०१७ पासून युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांस सत्रास १,५०० युरो लावले, व म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी बसविली. वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधींच बँकेंत अडकवून दाखवावी लागते. २०२४ सालीं ती ११,९०४ युरो ठरली. हिंदी विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची तपासणीही २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीची झाली. पाण्याशीं पिढ्यान्पिढ्या झुंजणाऱ्या हॉलंडांत डेल्फ्ट येथें १९५७ पासून केवळ जलविषयक उच्च शिक्षण देणारी संस्था आहे, हें आम्हांस या निमित्तानें कळलें.

आणि आपला देश ? रुडकीचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ सालचें, गंगेच्या कालव्याच्या कामासाठीं निघालेलें ; तेथें आज जलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. बंगळूरची विज्ञानसंस्था १९०९ ची, पवईची आय्. आय्. टी. १९५८ ची. या ठिकाणीं गेट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. ते गुण तीन वर्षें चालतात, आणि निवड झालेल्यांस दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ति गेलीं कित्येक वर्षें मिळत आली आहे. म्हणजे कर्ज जवळजवळ नाहींच. आमच्या पुण्याजवळ खडकवासल्यास १९१६ सालीं स्थापन झालेलें जल व विद्युत् संशोधन केंद्र आहे. धरणांच्या लहान प्रतिकृति करून तेथें पाण्याचे प्रयोग चालतात. ज्या विश्वेश्वरय्यांनीं १९०३ सालीं खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, त्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण पुण्यांतच झालें होतें. परदेशीं जाणें हें विद्येचें साधन आहे. तिचें प्रमाणपत्र नव्हे. "अमेरिकेस असतो" हें वाक्य लग्नाच्या बैठकींत बोलतां यावें, एवढ्यासाठीं कोणीही मुलास तेथें धाडूं नये.

आमच्या घरचा निर्णय

मार्च महिन्यांत आमच्या मुलीपुढें तीन वाटा होत्या. पहिली, समुद्रकांठच्या त्या अतिप्रसिद्ध विद्यापीठाची. तेथें प्रबंध नाहीं, साहाय्य नाहीं. दुसरी, अंतर्भागांतील एका लहान गांवच्या सरकारी विद्यापीठाची. तेथील अध्यापकांनीं तिच्या पत्रास उत्तर देतांना भिंतीवरील रेघेची उंची व नदीपासूनचें अंतर मोजून कळव, असें लिहिलें होतें. तिसरी, गेटच्या गुणांवर रुडकीस जाण्याची.

मामा अर्थातच पहिलीच्या बाजूस होते. "एवढं नांव चालून आलं आहे आणि तुम्ही नाहीं म्हणतां ?" वहिनी कांहीं बोलत नव्हत्या. एके दिवशीं त्यांनीं कपाटांतून आपल्या पाटल्या काढून आमच्यापुढें ठेविल्या व म्हणाल्या, "भावजी, माझ्या मनाला विचारलंत तर ती कुठंच जाऊं नये. पण जायचंच असेल, तर घर गहाण पडूं नये. या घ्या." आम्हीं त्या पाटल्या त्यांच्या हातांत परत दिल्या, आणि त्या रात्रीं सर्वांना बसवून तिन्ही वाटांचा हिशेब पाटीवर मांडला. पहिल्या वाटेस घर तारण ठेवल्याखेरीज गत्यंतर नव्हतें. दुसरींत साहाय्य न मिळाल्यास तोच प्रकार. तिसरींत कर्ज नाहीं. मुलीनें पाटीकडे पुष्कळ वेळ पाहिलें व स्वतःच पहिली ओळ पुसली. "तिथं मला हव्या त्या प्रयोगशाळेचं दार बाहेरूनच पाहायला मिळेल, काका," एवढेंच ती म्हणाली. दुसऱ्या ठिकाणाहून १५ एप्रिलपर्यंत लेखी साहाय्य आलें तर तेथें, नाहीं तर रुडकी, असें ठरलें. आपल्याकडील एम्. टेक्. चे प्रवेश त्यानंतर चालतात, हें आमच्या पथ्यावर पडलें.

नऊ एप्रिलला पत्र आलें. पहिल्या वर्षाची फी माफ, महिन्यास निर्वाहवेतन. दुसऱ्या वर्षाविषयीं एक अक्षर नाहीं. मुलीनें विचारलें, तेव्हां अध्यापकांनीं सरळ लिहिलें कीं, दुसऱ्या वर्षाचा पैसा ज्या संशोधनाच्या अनुदानांतून यावयाचा तें अजून मंजूर नाहीं, म्हणून वचन देतां येत नाहीं. हें उत्तर वाचून बंधु निराश झाले ; आमचा मात्र त्या गृहस्थांवरील विश्वास वाढला. दुसरें वर्ष सर्वस्वीं पदरचें करावें लागलें तर कर्ज अठरा लाखांपर्यंत जाईल, असा आम्हीं हिशेब केला. दहा वर्षांत फेडावयाचें झाल्यास दरमहा सुमारें २३,८०० रुपये. येथील पगारांतून, ओढाताणीनें का होईना, तें फिटेल. घर तारण ठेवावें लागणार नव्हतें. तिनें होकार कळविला.

जाण्याच्या आदल्या दिवशीं तिनें टेप धरून त्या रेघेची उंची पुन्हां एकदां मोजली व वहींत लिहून घेतली. ती गेल्यास आतां सहा महिने होऊन गेले. तिच्या पत्रांत लांकडाच्या लांब पन्हळींतून सोडलेल्या पाण्याचें वर्णन असतें. तें आम्हांस सगळें समजतें असें नाहीं, पण वहिनी तें दोनदां वाचवून घेतात. दुसऱ्या वर्षाच्या साहाय्याचें पत्र अद्याप आलेलें नाहीं. आलें तर ईश्वराची कृपा. न आलें तरी पाटीवरील आंकडा आम्हां सर्वांस पाठ आहे, आणि तो सोसेल इतकाच आहे हें ठाऊक असल्यामुळें या घरांतील कोणाची झोंप मोडलेली नाहीं.

ज्यांच्या घरीं यंदा हा प्रश्न निघेल त्यांनीं प्रथम मुलास त्याचा प्रश्न विचारावा, नंतर त्या प्रश्नाचा गुरु शोधावा, आणि मग सर्वांनीं मिळून आंकडे मांडावे. विद्यापीठाचें नांव सर्वांच्या शेवटीं वाचलें तरी चालेल.